ऑस्ट्रेलियाला जायचं म्हणतोस, म्हणून

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

वर नाव मुद्दाम घातलं नाही. पत्र कुणाच्या हाती पडेल याचा भरवसा नसतो, आणि तुझ्या नावाची चर्चा सध्या तशीही पुरेशी चालली आहे.

तुझा निरोप दोनदा वाचला. सळई तपासायच्या दिवशी तू साईटवर नव्हतास, मावसभावाच्या लग्नात होतास. कंत्राटदाराने तुझी वाट न पाहता स्लॅब भरून टाकला. सोमवारी येऊन तू रजिस्टरमध्ये मागची तारीख घातलीस, ‘सळई तपासली, ड्रॉइंगप्रमाणे आहे’ असं लिहिलंस आणि खाली सही ठोकलीस. पुढे बिलावरून वाजलं तेव्हा त्याच कंत्राटदाराच्या मुकादमाने चारचौघांत ते उघड केलं आणि ऑफिसने तुला घरी बसवलं. हे सगळं तू पाच ओळींत लिहिलं आहेस, आणि लोक कसे बोलतात, कोणी फोन उचलला नाही, हे चाळीस ओळींत. शेवटी लिहितोस, ‘बाई, इथे राहण्यात आता अर्थ नाही. ऑस्ट्रेलियाला अर्ज टाकतोय. तिथे मला कोणी ओळखत नाही.’

हे वाचून मला हसू आलं, रागावू नकोस. खोट्या कागदापायी ऑस्ट्रेलियाला जाणारा तू पहिला आर्किटेक्ट नाहीस. दोनशे वर्षांपूर्वी एक गेला होता. त्याला अर्ज टाकावा लागला नाही एवढंच. सरकारनेच नेलं, सरकारी खर्चाने.

फ्रान्सिस ग्रीनवे. दुसऱ्या वर्षाला वसाहतीतल्या इमारती शिकवताना हा माणूस मी अर्ध्या तासात उरकायचे. तू त्या तासाला होतास की कॅन्टीनमध्ये, देव जाणे. मलाही तो नीट कळला तो खूप नंतर, लेकीच्या बाळंतपणाला सिडनीला गेले तेव्हा. दुपारी बाळ झोपलं की मी पिशवी उचलून त्याच्या इमारती पाहायला निघायची. तेव्हापासून तो माणूस मला आवडत नाही आणि डोक्यातून जातही नाही.

ब्रिस्टलजवळच्या मँगोट्सफील्डचा, जन्म १७७७ चा. घराणं गवंडी-पाथरवटांचं, म्हणजे दगड हा त्याचा घरचा विषय. लंडनला जॉन नॅशच्या हाताखाली शिकला. नॅश म्हणजे त्या काळातलं मोठं नाव. परत येऊन भावांबरोबर धंदा थाटला. ब्रिस्टलला लागून क्लिफ्टन नावाची श्रीमंतांची वस्ती उभी राहत होती, तिथे याने घरं बांधली, असेंब्ली रूम्सचं, म्हणजे नाच-मेजवान्यांच्या सभागृहाचं, काम केलं. आणि १८०९ मध्ये दिवाळं निघालं. बांधून विकण्याच्या धंद्यात पैसा अडकला की काय होतं, ते तुला सांगायला नको.

त्यानंतरची गोष्ट तुझ्या रजिस्टरच्या फार जवळची आहे. एका कर्नलचं घर पुरं करून द्यायचं काम याच्याकडे होतं. वाढीव कामाचे सुमारे २५० पौंड मालकाने कबूल केले आहेत, असा मजकूर याने करारावर घातला. मालकाने तो कधी कबूल केलाच नव्हता. मार्च १८१२ मध्ये खटला उभा राहिला. मित्रांनी सांगितलं गुन्हा कबूल कर, याने केला. शिक्षा काय झाली? फाशी. त्या काळी इंग्लंडात खोटा दस्त करणं म्हणजे गळ्याला दोर, कारण सगळा व्यापार हुंडी आणि सहीवर चालायचा. सहीवरचा विश्वास उडाला की बाजार बसला. पुढे फाशी रद्द होऊन १४ वर्षांची हद्दपारी झाली. आपल्याकडे काळं पाणी म्हटलं की अंदमान आठवतं, पण ती वसाहत १८५८ ची. इंग्लंडने आपल्याच माणसांवर हा प्रयोग १७८८ पासून ऑस्ट्रेलियात चालवला होता. १८६८ ला तो थांबला, तोवर एक लाख साठ हजारांच्या वर माणसं तिकडे लोटली गेली.

ब्रिस्टलच्या तुरुंगात वाट पाहताना याने काय केलं, तर चित्रं काढली. एका चित्रात कैद्यांनी आपसात भरवलेलं लुटुपुटीचं कोर्ट आहे. ज्याला नुकतीच खऱ्या कोर्टाने फाशी सुनावली होती, तो कोपऱ्यात बसून ते रंगवत होता. तू सध्या काय करतोस? फोन बघत बसतोस ना? पेन्सिल हातात धर. स्वतःच्याच घराचा जिना मोजून काढ, काहीही काढ.

‘जनरल हेविट’ नावाच्या जहाजातून तीनशे पुरुष कैदी निघाले. फेब्रुवारी १८१४ मध्ये जहाज सिडनीला लागलं तेव्हा त्यांतले ३४ वाटेतच हगवणीने आणि तापाने गेले होते. त्या वर्षी आलेल्या आणखी दोन जहाजांचे हालही असेच होते, म्हणून गव्हर्नरने चौकशी विल्यम रेडफर्न या डॉक्टरवर सोपवली. हा रेडफर्न स्वतः एकेकाळचा कैदी. आरमारात असताना १७९७ च्या नोअरच्या बंडात सापडला, वय कोवळं म्हणून फाशीतून वाचला. त्याने अहवालात हवा खेळती ठेवा, तळ धुवा, कैद्यांना डेकवर येऊ द्या, प्रत्येक जहाजावर जबाबदार डॉक्टर ठेवा, असं एकेक कलम घातलं. ते मानलं गेलं आणि पुढच्या जहाजांवरची माणसं जगू लागली. ग्रीनवेची गोष्ट सांगताना मी रेडफर्नला मध्ये आणते कारण शिक्षा भोगलेल्या माणसाच्या शब्दाला वजन येऊ शकतं हे त्याने दाखवलं, आणि तेही कुणाच्या अंगावर धावून न जाता. ग्रीनवेला ते शेवटपर्यंत जमलं नाही.

त्याच जहाजात जोसेफ लायसेट नावाचा आणखी एक खोटा कागद करणारा होता. चित्रकार. त्यालाही चौदा वर्षं. सव्वा वर्षातच सिडनीत पाच शिलिंगच्या नकली चिठ्ठ्या फिरू लागल्या, माग काढत लोक लायसेटपर्यंत पोचले आणि त्याची रवानगी न्यूकॅसलला झाली. सिडनीत पुन्हा गुन्हा केला की तिकडे कोळशाच्या खाणीत नाहीतर चुन्याच्या भट्टीवर पाठवत. एकाच जहाजातून, एकाच गुन्ह्यासाठी आलेली दोन माणसं. समुद्र ओलांडला म्हणून लायसेटच्या हातात काही फरक पडला नाही. तू अर्ज टाकशील तेव्हा तुझे हातही तुझ्याबरोबरच विमानात बसणार आहेत.

ग्रीनवेचं नशीब मात्र जोरावर होतं. सिडनीची वसाहत ज्याने वसवली तो आर्थर फिलिप तेव्हा म्हातारपणी इंग्लंडात बाथला होता; त्याने याच्यासाठी शिफारस केली. आणि गव्हर्नर होता लॅकलन मॅक्वारी, ज्याला गावं आखायचा आणि इमारती बांधायचा नाद होता. हा मॅक्वारी आपल्या मुंबईत राहून गेलेला, बरं का. १७८८ मध्ये पलटणीबरोबर मुंबईत उतरला, १७९३ मध्ये इथेच जेन जार्व्हिसशी लग्न केलं, श्रीरंगपट्टणच्या लढायांत होता. बायको क्षयाने १७९६ मध्ये मकावला गेली, तर तिला पुरायला त्याने मुंबईला आणलं. सिडनीत त्याच्या नावाचा रस्ता, त्याच्या दुसऱ्या बायकोच्या नावाची खुर्चीसारखी कोरलेली कातळाची बैठक पाहताना मला हा मुंबईचा विधुर आठवत राहायचा.

आता नीट वाच. कैदी म्हणून पाय ठेवून सहा महिने झाले नव्हते. मॅक्वारीने त्याला बोलावून एका नमुन्याच्या पुस्तकातलं चित्र दिलं आणि म्हटलं, याबरहुकूम कोर्ट आणि टाउन हॉलचा नकाशा करून आण. तू काय केलं असतंस? ‘हो साहेब’ म्हणून घरी येऊन हवा तसा बदल केला असतास. ग्रीनवेने गव्हर्नरला पत्र लिहिलं. दुसऱ्याची नक्कल करणं आपल्यासारख्याला शोभत नाही, मलाच काही चांगलं सुचवू द्या, आणि वर उत्तम वास्तुकला म्हणजे काय याचा पाठ! मॅक्वारी भडकला. चौदा वर्षांच्या शिक्षेवर आलेला माणूस गव्हर्नरला अभिरुची शिकवतो म्हणजे काय! मग याने पड खाल्ली, चित्राची नक्कल करून दिली आणि वाट पाहत बसला.

मी हे पत्र विद्यार्थ्यांना सांगायचे तेव्हा पोरं टाळ्या पिटायची. कलावंताचा बाणा वगैरे. मला आता तसं वाटत नाही. ज्या माणसाने मालकाच्या कबुलीचा खोटा मजकूर घातला, त्याला नक्कल करायची लाज वाटावी, यात बाणा कमी आणि आंधळेपणा जास्त आहे. आपण कुठे चुकलो ते सोडून तो आपण किती मोठे आहोत तेच बघत होता. तुझ्या निरोपातल्या त्या चाळीस ओळी मला इथे आठवल्या.

पण मॅक्वारी कामाचा भुकेला होता. एव्हाना ग्रीनवेला ‘तिकीट ऑफ लीव्ह’ मिळालं होतं, म्हणजे हद्द न सोडता स्वतःचं काम करून खायची परवानगी. बायको मेरी तीन मुलांना घेऊन पाठोपाठ आली होती. १८१६ च्या मार्चअखेर त्याला सरकारी आर्किटेक्ट नेमलं, रोज तीन शिलिंगवर. (त्याच्या पुढच्याच महिन्यात मॅक्वारीच्या सैनिकांनी अ‍ॅपिनजवळ रात्री तिथल्या मूळ लोकांच्या मुक्कामाला घेरलं, निदान चौदा जण मेले, त्यांत बायका-मुलं होती. कैद्यांशी माणुसकीने वागणारा गव्हर्नर तोच, हेही लक्षात ठेव. इमारती बघताना ती जमीन कुणाची होती हे कुठल्याच पाटीवर ठळक लिहिलेलं नसतं.)

पहिलं काम बंदराच्या तोंडावरचं दीपगृह. इथे मला हा माणूस पहिल्यांदा आवडला. त्या जागेचा वालुकाश्म मऊ. ग्रीनवेने सांगितलं, हा दगड टिकणार नाही, झडेल. पण दुसरा आणायला ना पैसा ना वेळ, त्यामुळे त्याच दगडात बांधावं लागलं. १८१७ च्या डिसेंबरात मॅक्वारी नवराबायको दीपगृहावर न्याहारीला आले आणि तिथेच ग्रीनवेच्या हातात सशर्त माफीचा कागद ठेवला. पाच-सहा वर्षांत दगड निखळू लागले, लोखंडी पट्टे आवळावे लागले, आणि १८८३ मध्ये शेजारी तसंच नवं दीपगृह उभं करून जुनं पाडलं. कागदावर खोटं बोललेला हा माणूस दगडाबद्दल खोटं बोलला नाही. माफी मिळायची असताना ‘दगड वाईट आहे’ म्हणायला छाती लागते.

सिडनीजवळच्या विंडसरच्या चर्चचंही तसंच. ऑक्टोबर १८१७ मध्ये मॅक्वारीने पायाचा दगड बसवला आणि त्याखाली एक ‘होली डॉलर’ ठेवला. हे नाणंही मजेदार. वसाहतीत चलन नव्हतं, म्हणून मद्रासहून चाळीस हजार स्पॅनिश डॉलर आणले, प्रत्येकाच्या मधला तुकडा पाडून एकाची दोन नाणी केली, आणि हे काम दिलं विल्यम हेन्शॉलला, जो खोटी नाणी पाडल्याबद्दलच हद्दपार झाला होता! तर त्या रात्रीच पायाखालचं नाणं चोरीला गेलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा गेलं. कैद्यांच्या गावात तू काय समजलास! पण चोरीपेक्षा मोठा घोटाळा भिंतीत होता. कंत्राटदाराने काम इतकं कच्चं केलं होतं की ग्रीनवेने ते नापास केलं, पाडायला लावलं आणि सरकारी कैदी लावून पायापासून पुन्हा बांधून घेतलं. सिडनीत चुनखडीच नव्हती. चुना करायचा तो शिंपल्या भाजून. तुझ्या आजोळी मालवणला भट्ट्या असायच्या ना, तसा. तिथल्या मूळ लोकांनी हजारो वर्षं खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचे किनाऱ्यावर ढीग होते, ते उपसून भट्टीत गेले. चुना मिळायला इतका जड, म्हणजे कंत्राटदार कशात हात मारणार? चुन्यातच. दोनशे वर्षं झाली, गोलार्ध बदलला, तरी सिमेंटची गोणी कुठे मुरते हे आपल्याला विचारावं लागत नाही. ग्रीनवे बसून राहिला असता तर कोणाला कळलं नसतं. चर्च त्याच्यानंतर पडलं असतं. ते आजही उभं आहे.

तू स्लॅब पाडायला लावला नाहीस, यावर मी तुला बोल लावत नाही. तुझं वय आणि पगार मला माहीत आहे. पण रजिस्टरची ती ओळ लिहिताना खालच्या सळईचा विचार तुझ्या मनात आला का? पूर्ण निरोपात ‘सळई’ हा शब्द एकदाच आहे.

आता हाइड पार्क बरॅक्स. यावर जरा थांबते, कारण ही इमारत मी सात-आठ वेळा पाहिली आहे. लाल विटांची तीन मजली, कमानींत किंचित आत घेतलेल्या भिंती, वर त्रिकोणी माथा, त्यात घड्याळ आणि मॅक्वारीचं नाव, १८१७. शोभा म्हणून एक वीट जास्त नाही. सगळं सौंदर्य प्रमाणात. खिडकी आणि भिंतीचं नातं बघत मी समोरच्या बाकावर तासभर बसले होते. जवळ जाऊन हात लावला तर विटा हाताने पाडलेल्या, एकीसारखी दुसरी नाही. घड्याळ करणारा जेम्स ओटली, तोही कैदी. विटा पाडणारे, लाकूड कापणारे, चुना वाहणारे सगळे कैदी.

आणि बांधली कुणासाठी? कैद्यांसाठीच. तोवर सिडनीत सरकारी कामावरचे कैदी गावातच कुठेतरी भाड्याने राहायचे. दुपारी तीनच्या सुमारास सरकारी काम सुटलं की उरलेला वेळ त्यांचा. त्या वेळात बाहेरची कामं करून भाडं भरायचं, चार पैसे गाठीला लावायचे, कुणी संसारही मांडायचे. मॅक्वारीला रात्रीच्या चोऱ्या आणि दारू डोईजड झाली होती, म्हणून त्याने ठरवलं, सगळ्यांना एका भिंतीत कोंडायचं. बारा खोल्या, मोठ्या खोलीत सत्तर, लहानात पस्तीस झोळ्या. ४ जून १८१९ ला राजाच्या वाढदिवशी गोमांस, पुडिंग आणि दारूचं जेवण घालून जवळजवळ सहाशे जणांना आत घेतलं. आणि या कामाबद्दल ग्रीनवेला पूर्ण माफी मिळाली.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो हाच. ज्या भिंतींनी सहाशे माणसांच्या संध्याकाळी गेल्या, त्याच भिंतींनी हा एक सुटला. मी इतकी वर्षं त्या दर्शनी भागाचं कौतुक शिकवलं, पण आत काय होतं ते शिकवलं नाही. दुसऱ्यांदा गेले तेव्हा नातू सहा वर्षांचा होता. आत आता संग्रहालय आहे, झोळ्या टांगून ठेवल्यात. त्याने हट्ट धरला, आजी तू पण झोप. झोपले. कंबर धनुष्यासारखी वाकली, शेजारच्या झोळीतला त्याचा कोपर माझ्या बरगडीला. सत्तर माणसांचा घाम, खोकला, आणि खाली दाराला कुलूप. मग कळलं.

तिथल्या फळ्यांखाली उंदरांनी घरटी केली होती. चिंध्या, कागद, हाडं, जे सापडेल ते ओढून नेलं आणि ते कोरड्या जागी दीडशे वर्षं टिकलं. संशोधकांनी उकरलं तेव्हा लाखाहून जास्त वस्तू निघाल्या. कैद्याचा एक निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सदराही तिथे मिळाला, काचेआड ठेवला आहे. त्या माणसाचं नाव कुणाला माहीत नाही. आर्किटेक्टचं नाव नोटेवर आलं, त्यात झोपलेल्यांचं जे काही उरलं ते उंदरांनी राखलं.

पुढचं भराभर सांगते, कारण उतरणीला वेळ लागत नाही. ग्रीनवे तोंडाने फटकळ होता. १८१६ मध्ये एका लष्करी कॅप्टनने त्याला घोड्याच्या चाबकाने झोडपलं होतं. सरकारी आर्किटेक्ट असला तरी कॅप्टनच्या लेखी तो कैदीच. तुला वाटतं तिथे कोणी ओळखत नाही? त्या गावात प्रत्येकाला प्रत्येकाची शिक्षा तोंडपाठ होती. ‘सुटलेले’ आणि ‘स्वखुशीने आलेले’ अशा दोन जातीच पडल्या होत्या, आणि मॅक्वारी सुटलेल्यांना आपल्या पंगतीला बसवतो म्हणून बाकीचे जळायचे. त्यांच्या तक्रारी लंडनला गेल्या, १८१९ मध्ये जॉन बिग नावाचा आयुक्त चौकशीला आला. त्याचं म्हणणं, ही शिक्षेची वसाहत आहे, इथे महाल कशाला? गव्हर्नरच्या घोड्यांसाठी ग्रीनवेने बांधलेला बुरुजांचा तबेला तर त्याच्या डोळ्यांत खुपला. (आज तिथे संगीत विद्यालय आहे.) कोर्ट म्हणून सुरू झालेली एक इमारत बिगने मध्येच चर्च करायला लावली, तेच सेंट जेम्स. आणि याच वेळी ग्रीनवेने काय करावं? पगार घेत असतानाच सरकारकडे टक्क्यांच्या हिशेबाने भली मोठी फी मागितली. ज्याने पंगतीला बसवलं, त्या मॅक्वारीलाच दुखावलं. १८२२ च्या फेब्रुवारीत मॅक्वारी परत गेला, त्याच नोव्हेंबरात नव्या गव्हर्नरने, थॉमस ब्रिस्बेनने, ग्रीनवेला काढलं.

एकाच माणसाच्या सावलीत उभं राहिलं की असं होतं. तू ज्या भागीदाराच्या मर्जीवर त्या ऑफिसात होतास, तो गेल्या वर्षी दुबईला गेला तेव्हाच मी तुला दुसऱ्यांकडेही जा-ये ठेव म्हटलं होतं, आठवतं का?

नंतरची पंधरा वर्षं ग्रीनवे वर्तमानपत्रांना पत्रं लिहीत राहिला. आपण काय काय योजलं होतं, आपलं श्रेय कसं लाटलं. त्यातलं काही खरंही होतं. बंदरावर पूल बांधा असं त्याने लिहिलं होतं, तो पूल १९३२ मध्ये झाला. १८३५ मध्ये त्याने जाहिरात दिली, परिस्थितीमुळे पुन्हा कामाची अपेक्षा आहे अशी. वय सत्तावन्न-अठ्ठावन्न. कोणी आलं नाही. हंटर नदीकाठच्या जमिनीवर १८३७ च्या सप्टेंबरात तो गेला. ईस्ट मेटलंडला पुरला. थडग्यावर दगड नाही, पाथरवटाच्या घरातल्या माणसाच्या.

१९६६ मध्ये ऑस्ट्रेलियाने डॉलर सुरू केला तेव्हा दहाच्या नोटेवर याचा चेहरा छापला. खोट्या कागदासाठी फाशी झालेला माणूस सरकारी नोटेवर! आणि त्याच डिसेंबरात नेमक्या त्याच नोटेच्या नकला मेलबर्नच्या बाजारात आल्या, इतक्या बेमालूम की रिझर्व्ह बँकेने शास्त्रज्ञ बसवले आणि त्यातून पुढे १९८८ ला प्लास्टिकची नोट निघाली. मी लेकीला हे सांगितलं तर ती म्हणाली, आई, तू बनवून सांगतेस. नाही गं बाई.

तर आता तुझं.

मी साधूसंत नाही. तिशीत असताना एका बंगल्याच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग न बघता मी पूर्णत्वाच्या कागदावर सही केली होती. पहिल्याच पावसात मालकिणीच्या देवघरात पाणी. तिने फोनवर शिव्या दिल्या नाहीत, फक्त ‘तुम्ही बघितलं होतं ना?’ एवढं विचारलं. मी ‘हो’ म्हटलं. गच्ची स्वतःच्या पैशाने पुन्हा करून दिली, पण तो ‘हो’ मात्र परत घेता आला नाही. ती बाई चार वर्षांनी वारली. म्हणून तुला घाई करायला सांगते आहे.

ऑस्ट्रेलियाला जायचं तर जा, मी शिफारसपत्रही देईन. पण त्यात ‘सचोटीचा’ हा शब्द घालायला मला अजून एक गोष्ट हवी आहे. तुझ्या रजिस्टरच्या ओळीखाली एक खरा स्लॅब आहे आणि त्याच्या खाली दिवाळीनंतर एक कुटुंब राहायला जाणार आहे. सळई असेल ड्रॉइंगप्रमाणे, नसेलही. तुलाही माहीत नाही, मलाही नाही, कंत्राटदार सांगणार नाही. आधी मालकाला भेट. ऑफिसबद्दल, मुकादमाबद्दल अक्षर बोलू नकोस. ‘मी न बघता सही केली, आता तपासून घेऊ’ एवढंच म्हण. तो चिडेल, चिडू दे, उलट बोलू नकोस. ग्रीनवेने इथे सात पानांचं पत्र लिहिलं असतं. तपासणीचा खर्च निम्मा मी देते, निम्मा तू दे, बाबांकडून नको.

सळईचा व्यास, अंतर आणि वरचं आवरण मोजायचं यंत्र घेऊन येणारा एक मुलगा माझ्या ओळखीचा आहे. त्याच्याशी बोलले आहे, शनिवारी सकाळी मोकळा आहे. तू शुक्रवारी संध्याकाळी घरी ये. येताना स्ट्रक्चरलच्या ड्रॉइंगची मूळ प्रत आण, मोबाईलवरचा फोटो नको, मला त्यातले आकडे दिसत नाहीत. आणि टॉर्च.

तुझी,
बाई